अडगळीतील डोंगरी सायकल

डोंगरवाटांवर चालणारी जाड टायरांची सायकल, म्हणजेच माउंटन बाइक, ही मुळात अडगळीतूनच जन्मास आली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वजनदार सायकली अल्प मोलाने मिळविल्या, त्या दुरुस्त केल्या आणि डोंगरावरून भरधाव खाली आणल्या. १९७६ साली फेअरफॅक्स गावाजवळ त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे. एका उतारात तो इतका तापे, की आतील ग्रीज जळून जाई व हब उघडून नवे भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हे नाव पडले.

पुढे १९८० नंतर अशा सायकली कारखान्यांत मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. त्या काळच्या पोलादी सायकली आज अनेक घरांत जिन्याखाली गंजत पडलेल्या आढळतात. अशी सायकल थोड्या खर्चात पुन्हा चालती करता येते काय? बहुधा येते, मात्र पैसा कोठे वाचवावा आणि कोठे वाचवू नये, हे आधी ठरविले पाहिजे.

प्रथम सांगाडा धुऊन उजेडात न्याहाळावा. हँडलखाली जेथे नळ्या जोडल्या आहेत, तेथे रंगावर केसासारखी रेघ दिसल्यास पोलाद तडकले असण्याचा संभव असतो. अशा सांगाड्यावर एक पैही खर्चू नये. वरवरचा तांबूस गंज तितका भीतिदायक नसतो. तथापि गंजाचा थर सच्छिद्र असल्यामुळे पाणी व प्राणवायू आत शिरतच राहतात; म्हणून तो घासून काढून तेथे रंग द्यावा.

खरी कसोटी लागते ती बैठकीच्या दांड्याशी. दांडा बहुधा ॲल्युमिनियमचा, सांगाडा पोलादाचा. दोन भिन्न धातू आणि त्यांमध्ये घामाचे वा पावसाचे पाणी, एवढ्या सामग्रीने लहानसा विद्युत्घटच तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते, आणि झिजेतून बनलेला पांढरा पदार्थ अधिक जागा व्यापून दांडा जखडून टाकतो. येथे हातोडा उचलण्याचा मोह अनेकांना होतो व सांगाडा वाया जातो. त्याऐवजी सांध्यात झिरपणारे तेल सोडून एक रात्र थांबावे. मग दांड्याभोवती बर्फ बांधावे. थंडीने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकुंचन पावते. तेवढ्यात बैठक धरून दांडा बळाने फिरवावा. तो पुन्हा बसविताना ग्रीज लावण्यास विसरू नये.

साखळी ‘ताणली जाते’ असे म्हणतात, ते अचूक नव्हे. तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. सांध्यांतील खिळी झिजतात व त्या सर्व सूक्ष्म फटींची बेरीज होते. लगतच्या दोन खिळींमधील अंतर अर्धा इंच असल्यामुळे अशी २४ अंतरे नव्या साखळीत बरोबर १२ इंच भरतात. वाढ एक सोळांश इंचाहून कमी असेल, तर साखळी धुऊन तेल द्यावे. तितकी असेल, तर नवी साखळी घ्यावी. दंतचक्रे बहुधा वाचलेली असतात. वाढ एक अष्टमांश इंच असल्यास दंतचक्रांचे दातही झिजलेले असतात, व नवी साखळी त्यांवरून घसरते. अशा वेळी ही जुनी जोडी मोडू नये. पैसे जमेपर्यंत ती एकमेकांशी जुळवून घेत चालते.

टायर घेताना अंक नीट वाचावेत. ‘२६ × १.९५’ आणि ‘२६ × १ ३/८’ या दोहोंवर २६ लिहिलेले असले, तरी पहिले ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसते, दुसरे ५९० च्या.

ब्रेकमध्ये मात्र काटकसर नको. हवेतील प्राणवायूने जुने रबर कठीण होऊन त्याची पकड जाते. तारेचा एकही धागा तुटलेला असल्यास तार बदलावी. रिमची ब्रेक घासणारी बाजू खोलगट झाली असेल, तर टायरमधील हवेच्या दाबाने ती फाटू शकते. म्हणून तीही बदलावी. सर्व जोडणी झाल्यावर सायकल उभी ठेवून दोन्ही ब्रेक पूर्ण बळाने दहा-बारा वेळा दाबावेत. एखादी तार सैल बसविलेली असेल, तर ती अंगणातच निसटते.