प्रवेश जूनमध्ये, तयारी कधीपासून?

रमजान ईदचे कपडे शिवायचे तर हुशार गृहिणी शाबानमध्येच कापड शिंप्याकडे टाकते. कुर्ता शिवायला त्याला अर्धा दिवस पुरतो. पण हाती पडायला वीस दिवस जातात, कारण आपल्या आधी इतरांचे गठ्ठे पडलेले असतात. काम सोपवल्यापासून ते हाती येईपर्यंतच्या या साऱ्या काळाला नियोजनात ‘लीड टाइम’ म्हणतात. त्यात कामाचा वेळ थोडा, थांबण्याचा जास्त.

ईदला पाळतो तो हिशेब मुलांच्या दाखल्यांच्या वेळी मात्र आपण विसरतो. मोमीन, बागवान, पिंजारी अशा ओबीसी समाजांतील मुलांजवळ गुण असतात, हक्क असतो. पण बारावीच्या निकालानंतर धावपळ सुरू होते आणि कागदाअभावी राखीव जागा जाते. आम्हा शिक्षकांना हे बघवत नाही.

हे कागद साखळीसारखे आहेत. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. दाखला मिळाल्याशिवाय जात पडताळणी समितीकडे अर्ज होत नाही. सर्वांत जास्त वेळ खातो तो पुरावा. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात कधी नुसते ‘मुसलमान’ असते. मग चुलत आजोबा, पणजोबा यांच्या नोंदी शोधाव्या लागतात. कुठे ‘शेख महंमद’, कुठे ‘मोहम्मद शेख’; त्याचे प्रतिज्ञापत्र वेगळेच.

म्हणून मोजणी उलटी करावी. प्रवेशाच्या तारखेपासून मागे या: अकरावीत पडताळणीचा अर्ज, दहावीत जातीचा दाखला, नववीत पुराव्याचा शोध. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयात फलकावर लावलेली असते. ती टिपून घ्या आणि त्रुटी निघाल्यास हाताशी असावेत म्हणून वर काही आठवडे धरा.

मात्र सगळेच लवकर करून भागत नाही. जातीचा दाखला व पडताळणी एकदाच. नॉन-क्रीमी लेयरची मुदत मात्र 31 मार्चला संपते. प्रवेशाच्या वर्षी ती चालू आहे ना, हे एप्रिलमध्येच पाहावे.

मूल आठवी-नववीत असेल तर घरातील जुनी पेटी आताच उघडा. आजोबा, फूफी हयात आहेत तोवर विचारून घ्या: आपले कोण, कोणत्या गावी, कोणत्या शाळेत शिकले? ही माहिती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही.