हवा सोडली की लागणारा ब्रेक

घाट चढून आलेला ट्रक धाब्यासमोर थांबतो. चालक खटका ओढतो आणि ‘फुस्स’ करून हवा बाहेर पडते. पाहणाऱ्याला वाटते, ब्रेक सुटला. खरे तर तो त्याच क्षणी लागलेला असतो.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून पाहिले, तर एकमेकांना जोडलेल्या दोन डब्यांसारखे एक भांडे दिसते. हे स्प्रिंग ब्रेक चेंबर. त्याच्या एका खणात पायाच्या ब्रेकची हवा येते, दुसऱ्यात जाड पोलादी स्प्रिंग दाबून बसवलेली असते. गाडी चालताना टाकीतली हवा या स्प्रिंगला मागे रेटून धरते. खटका ओढला की ती हवा निघून जाते. मग स्प्रिंग उसळून दांडा पुढे ढकलते, स्लॅक ॲडजस्टर ही तरफ फिरते आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर घट्ट बसतात. पाइप फुटला किंवा टाकी गळाली, तरी परिणाम तोच. रात्रभरात हवा उतरलेला ट्रक सकाळी कॉम्प्रेसरने टाकी भरेपर्यंत हलत नाही, तो यामुळेच.

हवा गेली की ब्रेक लागावा, हा विचार रेल्वेतला. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या पहिल्या ब्रेकमध्ये नळी फुटली की ब्रेकच जात असे. १८७२ मध्ये त्यांनी रचना उलटी केली. नळीतला दाब घटला की ब्रेक लागू लागला. पण डब्यांचे ब्रेक आवळणारी शक्ती हवेचीच राहिली आणि हवा गळतेच. कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावाजवळ जुलै २०१३ मध्ये उतारावर उभ्या मालगाडीचे इंजिन बंद केले गेले, त्याच्या ब्रेकची हवा हळूहळू उतरली, लावलेले हातब्रेक अपुरे ठरले. गाडी गावात घुसली आणि ४७ माणसे गेली. ट्रकमधल्या स्प्रिंगला असे गळण्याचे भय नाही.

तरीही काही पळवाटा उरतातच. लायनर झिजले, ॲडजस्टर सैल राहिला, तर स्प्रिंगचे बळ दांडा पुढे सरकवण्यातच खर्च होते. पार्किंग ब्रेक लागलेला असताना पायाचा ब्रेकही दाबला, तर दोन्ही जोर एकत्र येऊन ड्रम आणि दांड्यावर जादा ताण पडतो. तो टाळणारा व्हॉल्व्ह अनेक गाड्यांत असतो. सर्वांत मोठी पळवाट मात्र माणसाची: खटका न ओढताच खाली उतरणे. ट्रेलर जोडताना हे जिवावर बेतते. हवा पुरवणारी लाल नळी लावताच ट्रेलरमध्ये हवा भरून त्याचा आपत्कालीन ब्रेक सुटतो, आणि पुढच्या गाडीचा ब्रेक लावलेला नसेल, तर सगळे धूड चालायला लागते. म्हणून काही नव्या गाड्यांत ब्रेक न लावता दार उघडले की भोंगा वाजवणारी यंत्रणा येते. काही इलेक्ट्रॉनिक ब्रेक तर आपोआप लागतात.

हवा संपलेली गाडी ओढून न्यायची, तर चेंबरच्या मागून लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळावी लागते. तसे केले की त्या चाकाला पार्किंग ब्रेक उरत नाही. त्यामुळे आधी चाकाला अडण लावावी, मगच पाना हातात घ्यावा. स्प्रिंगचा खण तर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कधीही उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली की समोरच्याचा जीव घेऊ शकते. तो डबा बिघडला की सबंध बदलावा. त्यात काटकसर नको.