सर्व्हरच्या डिस्कची विभागणी

बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरेच्या कालव्यावर ब्लॉक पद्धती आणली, तेव्हा कोणत्या क्षेत्रास पाणी द्यावयाचे व किती वर्षे, हे आगाऊ ठरू लागले. शाळेच्या संगणक-कक्षात सर्व्हर बसविताना डिस्कचे विभाग, म्हणजे पार्टिशन, पाडावयाचे ते अशाच पूर्वविचाराने.

डिस्कच्या आरंभी एक लहान कोष्टक असते. कोणता विभाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, एवढेच त्यात नोंदलेले असते. भूमापन कचेरीतील गटाच्या नकाशासारखेच ते होय. नकाशा जळाला म्हणून शेत जागचे हलत नाही. त्याचप्रमाणे कोष्टक पुसले गेले तरी आतील मजकूर तत्क्षणी नाहीसा होत नाही; तथापि त्यावर नवी मांडणी होऊन लेखन सुरू झाले म्हणजे जुने परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. एसएसडी जातीच्या डिस्कमध्ये तर ती त्याहूनही कमी.

यास्तव ‘संपूर्ण डिस्क वापरा’ असा पर्याय पडद्यावर आला की हात आवरावा. कोऱ्या यंत्रावर तो निर्धोक आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी व निकालपत्रके ठेवलेल्या यंत्रावर नव्हे. प्रणाली ज्या पेन ड्राइव्हवरून बसवावयाची तोही यादीत डिस्क म्हणूनच दिसतो, म्हणून आकारमान पाहून डिस्क ओळखावी. (१ टीबीची डिस्क तेथे ९३१ जीबी दिसली तर दुकानदारास दोष देऊ नये. तो १००० च्या पटीने मोजतो, यंत्र पुष्कळदा १०२४ च्या.)

कोष्टकाच्या दोन पद्धती आहेत. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य विभाग चारच पडतात व साधारणतः २ टीबीपलीकडील जागा वापरता येत नाही. जीपीटीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असते. नव्या यंत्रास तीच घ्यावी.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही डेबियनच्या कुळातील प्रणाली असो वा दुसरी कोणतीही लिनक्स, विभागांचे प्रयोजन तेच. यंत्र सुरू होण्यासाठी ईएफआयचा लहान विभाग, सुमारे अर्धा ते एक जीबी. प्रणालीसाठी ‘रूट’. नोंदवह्या साठतात तो ‘व्हार’ वेगळा असावा, कारण त्या फुगून रूट भरला तर सर्व्हरच अडून बसतो. विद्यार्थ्यांचे काम ‘होम’ या स्वतंत्र विभागात ठेवण्याचा लाभ सर्वांत मोठा: पुढे प्रणाली बिघडल्यास केवळ रूटची नवी मांडणी करावी आणि होमवर ‘फॉरमॅट’ची खूण न करता तो पूर्वीच्याच ठिकाणी जोडावा. मुलांचे वर्षभराचे काम शाबूत राहते.

सर्व जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकण्याची घाई मात्र नको. एलव्हीएम वापरून काही जागा मोकळी ठेवल्यास ज्या विभागास गरज पडेल त्यास ती मागाहून देता येते. विभाग वाढविणे सोपे, घटविणे कठीण. एक्सएफएस मांडणीचा विभाग तर घटवू म्हटले तरी घटत नाही. असे फेरफार चालू असता वीज गेल्यास मजकूर बिघडण्याचे भय असते, म्हणून यूपीएस जोडूनच कामास बसावे. त्यापूर्वी मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत डिस्क निकामी होताच तिच्याबरोबर जाते.