पाच मिनिटे पंचावन्न सेकंद

शिमग्यात नमन-खेळे बघत वाढलेल्या रत्नागिरीकराला एका गोष्टीचं नवल वाटत नाही. मृदंगावर थाप पडते, गण होतो, मग गवळण येते. मध्येच संकासूर उंच टोपी घालून नाचून जातो आणि त्यानंतर वग रंगतो. भक्ती, थट्टा, भीती, रडू असं सगळं एकाच रात्री, एकाच मांडवात असतं. ‘हे सगळं एकत्र कसं?’ असं कुणी विचारत नाही.

म्हणूनच, ऐंशीच्या दशकात मावसभावाने मुंबईहून आणलेल्या कॅसेटवर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा इंग्रजी शब्द निम्मेही कळले नाहीत, पण गाण्याचा बाज ओळखीचा वाटला. आधी नुसत्या गळ्यांचा मेळ, मग पियानोवर आईजवळ केलेली खुनाची कबुली. पुढे पाश्चात्त्य संगीत नाटकातला खटला चालावा तसा कोलाहल, त्यावर गिटारचा तडाखा आणि शेवटी सगळं शांत. ध्रुपद असं नाहीच. गेलं ते कडवं पुन्हा येत नाही.

हे गाणं ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचं. लिहिणारा आणि मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचं मूळ नाव फारोख बुलसारा. पारशी कुटुंबातला हा मुलगा 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबारला जन्मला आणि आठ वर्षांचा असताना शिक्षणासाठी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडलं की येतं तेच हे पाचगणी. तिथल्या वसतिगृहात तो पियानो शिकला, तिथेच सगळे त्याला ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. 1964 मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. म्हणून हे गाणं आपलं, असा दावा मी करणार नाही. पण गाणाऱ्या मुलाचे संस्काराचे दिवस सह्याद्रीत गेले, एवढं खरं.

1975 च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्या काळी फितीवर चोवीसच पट्ट्या असत. मधल्या भागात जो भलामोठा गायकवृंद ऐकू येतो, तो प्रत्यक्षात तिघांचा आहे. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर पुन्हा पुन्हा गात राहिले आणि आवाजावर आवाज चढवले गेले. फीत इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली.

गाणं भरलं पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. तिथेच गाडी अडली. बँडला ते ‘सिंगल’ म्हणून, म्हणजे सुटी छोटी तबकडी म्हणून काढायचं होतं. कंपनीचं म्हणणं, एवढं लांब गाणं रेडिओ वाजवणार नाही, तेव्हा कापा.

ही तीन मिनिटांची मर्यादा आली कुठून? जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. आपल्याकडे तासभर रंगणारा राग आणि रात्र जागवणारी नाट्यपदं याच मापात कोंबावी लागली. पुढे तबकड्या सुधारल्या, पण सवय तशीच राहिली. अपवाद होते. बीटल्सचं ‘हे ज्यूड’ 1968 मध्ये सात मिनिटांहून मोठं असून गाजलं होतं. पण ते बीटल्स होते.

क्वीनने कापायला नकार दिला. गाण्याची एक प्रत लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या केनी एव्हरेट या निवेदकाकडे पोहोचली, ‘वाजवायची नाही’ या अटीवर. गडी खोडकर. आधी तुकडे ऐकवले, मग सबंध गाणं, आणि दोन दिवसांत चौदा वेळा! लोक दुकानांत विचारू लागले, तेव्हा तबकडी बाजारात आलेलीच नव्हती. ती आली 31 ऑक्टोबर 1975 ला. नोव्हेंबरअखेर ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि सलग नऊ आठवडे तिथेच राहिली. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. समीक्षकांत मात्र एकमत नव्हतं. कुणाला ते अफाट वाटलं, कुणाला नुसता फुगवटा. अर्थ काय, हे मर्क्युरीने कधी नीट सांगितलं नाही.

24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्समुळे त्याचं निधन झालं. गाणं पुन्हा निघालं, पुन्हा पहिलं आलं आणि त्याची मिळकत एड्सविषयी काम करणाऱ्या संस्थेला गेली. 2018 मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली आमच्या घरातली पोरंही ते गुणगुणू लागली.

हे आज सांगायचं कारण आमच्या वाडीतलं आहे. मागे एका कार्यक्रमात आमच्या नमन मंडळाला संयोजकांनी दहा मिनिटं दिली. गण संपतो न संपतो तोच घंटा वाजली. संकासूर टोपी हातात घेऊन पडद्यामागेच उभा राहिला. संयोजक वाईट नव्हते. ‘लोक एवढा वेळ बसत नाहीत हो,’ असं ते काकुळतीने म्हणाले. लंडनमधल्या कंपनीचंही हेच म्हणणं होतं.

लोक बसतात की नाही, हे घड्याळाने नव्हे, लोकांनीच ठरवायचं असतं. पण त्यांना ठरवता यावं, म्हणून कुणीतरी एकदा ते सबंध ऐकवावं लागतं.