कल्पकतेला हवा खरा प्रश्न

विद्यार्थ्यांची सर्जनशील विचारशक्ती वाढावी, अशी अपेक्षा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यक्त केली. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते, त्यावर विचार करण्याचे कारणच विद्यार्थ्याला उरत नाही. विचाराला खरा प्रश्न लागतो. आणि भंडारा जिल्ह्यात तो तलावाच्या पाळीवरच सापडतो.

कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभ्या राहिलेल्या तलावांवर येथील धानशेती पोसली गेली. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि पुढे त्यांपैकी अनेक गाळाने भरले. हा गाळ कोणी काढावा? खर्च कोणत्या प्रमाणात वाटावा? पाणी अपुरे पडल्यास ते आधी कोणाच्या बांधीत जावे? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नाही, आणि हेच त्यांचे शैक्षणिक मोल होय.

टीका तूर्त बाजूला ठेवून गटाने कल्पना मांडाव्यात, ही पद्धत अमेरिकेतील अलेक्स ऑस्बोर्न यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात पुरस्कारिली. येल विद्यापीठातील १९५८ च्या प्रयोगात मात्र एकेकट्यांनी सुचवलेल्या कल्पनांची बेरीज गटाच्या कल्पनांहून अधिक भरली. म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःचे उत्तर लिहावे, नंतर ते वर्गात मांडावे, आणि शेवटी मोजमाप व शेतकऱ्यांचा अनुभव यांच्या कसोटीवर घासून पाहावे. शिक्षकाने तोवर आपले मत राखून ठेवावे.

मात्र परीक्षेत असा एकही प्रश्न नसेल, तर विद्यार्थी पुन्हा गाइडकडेच वळेल. युक्तिवादाला गुण मिळाल्याखेरीज कल्पकतेचा गौरव भाषणापुरताच राहील.