वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर : आहाराची नोंदवही का व कशी ठेवावी ?



लागणीची तारीख, उसाची जात, खताची मात्रा, पाण्याच्या पाळ्या हे सारे ज्याच्या वहीत लिहिलेले असते, त्याला टनेज कुठे घटले ते हुडकता येते. ज्याच्याकडे वही नाही तो नुसती काट्याची पावती बघून कपाळाला हात लावतो. काटा वजन सांगतो, कारण सांगत नाही. माणसाच्या शरीराचेही असेच आहे, म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले, जावई, भाऊबंद भिवंडीकडे यंत्रमागावर नाहीतर गोदामांत नोकरीला आहेत. रात्रपाळी, बैठे काम, अवेळी वडापाव आणि दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा, असा तिथला क्रम. इकडे गावातही मोटारसायकल आली आणि चालणे गेले. वजन फार वाढून मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी मागे लागली की डॉक्टर काही रोग्यांना पोटाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. शस्त्रक्रिया ठाण्या-मुंबईला होते, रोगी चार दिवसांत घरी येतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

शस्त्रक्रियेत काय होते ?

प्रचलित प्रकार मुख्यतः दोन. पहिला ‘स्लीव्ह’. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व उरलेले जठर केळ्यासारखे नळीदार राहते. दुसरा ‘बायपास’. यात जठराची दोन मोठे चमचे मावतील एवढी लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. हा प्रकार अमेरिकेत आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केला.

दोन्हींत भूक कमी होते व थोड्या घासांत पोट भरते. परंतु सवय काही कापून काढलेली नसते. जिभेला गोड लागते, पाहुण्यांचा आग्रह असतो, हातातला घास घाईने गिळण्याची खोड असते. पहिले वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्याने उतरते. पुढे शरीर नव्या जठराला सरावते, आणि जुनी सवय परत आली तर वजनही परत येऊ लागते. म्हणजे चांगली सवय लावून घ्यायला मुदत मिळते ती एवढीच.

वहीचा उपयोग काय ?

डॉक्टर ठाण्याला, रोगी भिवंडीला किंवा आपल्या गावी, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये महिने जातात. “काय खाता ?” असे विचारले की रोगी म्हणतो, “काहीच नाही हो, चार घास.” तो खोटे बोलत नसतो, त्याला तसेच वाटत असते. १९९२ साली अमेरिकेत असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचे खाणे शास्त्रीय रीतीने मोजले. ते सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष खाणे जवळजवळ दुपटीने भरले. त्याच देशात २००८ साली सुमारे १७०० लोकांवर झालेल्या अभ्यासात, रोज खाणे लिहिणाऱ्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या दुपटीने उतरल्याचे दिसले. हे लोक शस्त्रक्रिया झालेले नव्हते. पण लिहिल्याने हात आवरतो हा मुद्दा सर्वांना सारखाच लागू आहे.

शस्त्रक्रिया झालेल्याला आणखी एक धोका असतो, तो कमी पोषणाचा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात, अंगात त्राण राहत नाही. आता हिशेब पाहा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, ३० ग्रॅम तुरीची डाळ शिजवली तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास. लहानशा जठरात ६० ग्रॅम भरायचे म्हणजे प्रत्येक घासाचा हिशेब हवा. पहिल्यांदा प्रथिनांचा घास, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात-भाकरी, असा क्रम त्यासाठीच सांगतात.

वहीचे एक पान

नमुन्यादाखल एक दिवस घेऊ. बायपास होऊन पाच महिने झालेला, भिवंडीच्या गोदामात काम करणारा गडी आहे असे समजा.

सकाळी ८ – उकडलेले अंडे १, मुगाचे धिरडे अर्धे. वेळ २५ मिनिटे. त्रास नाही.
११ – ताक १ पेला, घोट घोट.
दुपारी १॥ – मच्छीचे लहान तुकडे २, भात २ चमचे. ट्रक लागला होता म्हणून ८ मिनिटांत उरकले. छातीत दाटले, उलटी १.
४ – गुळाचा चहा १ कप, गोड बिस्किटे ४. भूक नव्हती, सगळे घेत होते.
४॥ – घाम, धडधड, पोटात कळ. अर्धा तास पडून राहिलो.
रात्री ८ – दाट वरण अर्धी वाटी, पनीरचे तुकडे ४, दोडक्याची भाजी २ चमचे. वेळ ३० मिनिटे. त्रास नाही.
९॥ – गोळ्या घेतल्या. दिवसाचे पाणी दीड लिटर.

हे पान नसते तर गड्याने काय म्हटले असते ? “मला मच्छी सोसत नाही.” आणि मच्छी सोडून दिली असती, म्हणजे चांगल्या प्रथिनांचे एक साधन गेले असते. पान सांगते की दोष मच्छीचा नाही, आठ मिनिटांचा आहे. तसेच चार वाजताचे खाणे भुकेचे नव्हते, सोबतीचे होते. त्या वेळी ताकाचा पेला हातात ठेवला तरी सोबत राहते.

गोडाबद्दल दोन शब्द

साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिताना संकोच वाटू नये. बायपास झालेल्याच्या पोटातून साखर, गूळ, रस हे फार लवकर आतड्यात उतरतात. दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब, चक्कर येते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात. याला डॉक्टर ‘डंपिंग’ म्हणतात. स्लीव्हमध्ये हा त्रास कमी आढळतो, पण तिथे गोड सोसते म्हणून खाल्ले जाते व वजन चढते. रसात साखर किती ते आपणांस ठाऊकच आहे. शंभराला पंधरा धरले तरी २०० मि.ली. पेल्यात ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर झाली. गुऱ्हाळावर आलेल्या अशा पाहुण्याला रसाचा आग्रह करू नये, यातच त्याचे खरे आदरातिथ्य आहे. भिवंडीकडच्या हळदी-समारंभात मटणाबरोबर दारूही पुढे येते. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर भिनते व व्यसनाचा धोकाही वाढतो, म्हणून ती वर्ज्यच समजावी.

वही कशी ठेवावी ?

१) साधी शंभर पानी वही पुरे. मोबाईलवर लिहिले तरी चालते.
२) खाल्ल्याबरोबर लिहावे. रात्री आठवून लिहिलेल्यात बिस्किटे गळतात.
३) माप घरचेच असावे. एक वाटी, एक चमचा ठरवून तेच वापरावे.
४) काय, किती, किती वेळात, भूक होती का, नंतर काय झाले, हे पाचही लिहावे.
५) जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे व तेही लिहावे.
६) बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जन्मभर घ्यायच्या असतात. रोज खूण करावी.
७) वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या दिवशी करावे. रोज काट्यावर चढून जीव टांगणीला लावू नये.
८) लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्यावे. मात्र घरच्यांनी वही पाहून टोमणे मारू नयेत. टोमणे बसले की माणूस चोरून खातो आणि वही खोटी होते.

पहिले वर्ष रोज लिहावे. पुढे आठवड्यातून तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून लिहिले तरी अंदाज येतो. वजन दोन-तीन किलो वर सरकलेले दिसले की पुन्हा रोजची नोंद सुरू करावी. लाजून तपासणी टाळू नये. ती वही घेऊनच आहारतज्ज्ञांकडे जावे.

एक इशारा. उलट्या थांबत नसतील, पाणीही टिकत नसेल, हातापायांना मुंग्या येऊन चालताना तोल जात असेल, ताप, पोटात तीव्र वेदना किंवा काळी शौचास होत असेल, तर वहीत लिहीत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपते व मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

शस्त्रक्रियेला लाखाच्या घरात खर्च येतो. कित्येक घरांत त्यासाठी उसाचे बिल खर्ची पडते. तो पैसा वाया जाऊ नये म्हणून लागते ती एक वही, एक पेन आणि रोजची दहा मिनिटे. आपल्या घरात किंवा भिवंडीच्या नातेवाइकांत कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे पान कापून त्यांच्याकडे अवश्य पोहोचवावे.