शनिवारी तीनचा सामना टीव्हीवर का दिसत नाही?

इंग्लंडला शिकायला गेलेली आपली मुलं फोनवर सांगतात, "अब्बा, शनिवारी तीनचा सामना इथे टीव्हीवर लागतच नाही!" कारण असं, की हंगामात शनिवारी दुपारी 2.45 ते 5.15 तिथे फुटबॉलचं थेट प्रक्षेपण साधारणपणे बंद असतं. 1960च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठे सामने घरबसल्या दिसले, तर छोट्या क्लबची तिकिटं कोण घेणार? म्हणून छोट्या क्लबचे चाहते कॉमेंट्री ऐकतात, काही क्लबच्या वेबसाइटवर पैसे भरून, काही बीबीसीच्या स्थानिक रेडिओवर. चोरीच्या लिंकवर मात्र जाऊ नका. तिथून क्लबला एक पैसाही मिळत नाही, आणि छोटा क्लब चाहत्यांच्या पैशावरच तग धरतो.